हे पान वाढवले आहे

मित्रांनो, मी एकदा पुसून टाकलेलं पान आहे. पान म्हटल्यावर लगेच पिंपळाचं किंवा विड्याचं पान डोळ्यांपुढं आणू नका. मी वेबसाइटचं पान. सोलापुरात शुक्रवार पेठेत गुरुलिंगअण्णांचं सर्जिकल सामानाचं दुकान आहे, त्या दुकानाच्या वेबसाइटवर माझा मुक्काम. मला पुसलं याचा राग नाही हो! पानं येतात आणि जातात, झाडालाही त्याचं काही वाटत नाही. मला राग आहे तो मला पुसल्यावर माझ्या दारावर जी पाटी लावली तिचा. त्या पाटीपायी वळसंगच्या एका म्हाताऱ्या बाईचा श्वास अडकला. आत्मवृत्त सांगताना गोड गोड बोलायची पद्धत असते म्हणे. ती मला जमणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दुकानाच्या मागच्या खोलीत झाला, व्हीलचेअरच्या खोक्यांच्या मधोमध. मला लिहिलं अण्णांच्या मुलीनं, काव्यानं. तेव्हा अण्णा ऑक्सिजनचं मशीन विकायचे. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत, त्यांच्या उशाशी ते ठेवायचं. खोलीतलीच हवा ते आत ओढून घेतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीनं माणसाच्या नाकाशी पोचवतं. मशीन गुणी, पण त्याच्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. लगेच दुकानात फोन. अण्णा समोरचं गिऱ्हाईक सोडून मराठीत समजावायचे, मराठीत जमलं नाही की कानडीत समजावायचे, आणि पलीकडचं माणूस रडत असलं की दोन्ही भाषा वाया जायच्या.

एक दिवस काव्या वैतागली. म्हणाली, "अप्पा, रोज तेच ते सांगून घसा कोरडा करून घेताय. एकदा नीट लिहून ठेवू की."

"लिहिलेलं वाचतंय कोण?" अण्णा म्हणाले.

"ज्याच्या घरात दिवा पिवळा झालाय, तो वाचतो. अक्षर न अक्षर वाचतो."

आणि तिनं मला लिहिलं. माझं नावच ठेवलं, ‘पिवळा दिवा लागल्यास काय करावे’. आत मोठ्या अक्षरांत लिहिलं की सगळ्यात आधी मशीन भिंतीपासून हातभर पुढं ओढा, त्याला हवा मिळू द्या. मग मागची स्पंजची जाळी काढून धुळीनं भरलीय का बघा. मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करा. आणि शेवटी लाल अक्षरांत होतं, ‘तरीही दिवा पिवळाच राहिला किंवा माणसाचे ओठ निळसर दिसले, तर वाचत बसू नका. एकशे आठला फोन करा.’ प्रत्येक ओळ मराठीत आणि तिच्याखाली कानडीत. फोटोंमध्ये जाळी धरलेला हात खुद्द अण्णांचा आहे, बोटातली जाड अंगठी ओळखू येते. फोटो काढताना कुरकुरत होते, पण मला बघून खूश झाले.

मग काव्यानं माझ्या पत्त्याचे स्टिकर छापून आणले, ते काळ्या ठिपक्यांचे चौकोन असतात ना, तसले. मोबाइल धरला की थेट माझ्यापाशी. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या कपाळावर तिनं एक स्टिकर चिकटवला. मित्रांनो, पानाचा पत्ता जिथं जिथं चिकटतो, तिथं तिथं पान असतं. त्यामुळं मी घराघरांत गेलो. कुठं नव्या फरशीच्या बंगल्यात, कुठं पत्र्याच्या खोलीत, कुठं गोठ्याशेजारच्या पडवीत. दुकानात नमुन्याला ठेवलेल्या मशीनवरही मी होतोच, म्हणून दुकानात कोण काय बोललं तेही मला ऐकू यायचं.

ती माझी सुखाची वर्षं. कुणाचा दिवा पिवळा व्हायचा, मोबाइल माझ्यासमोर यायचा, मी सांगायचो, माणूस तसं करायचा आणि दिवा हिरवा व्हायचा. अक्कलकोटच्या एका डॉक्टरांनी आपल्या वेबसाइटवर माझा पत्ता देऊन लिहिलं, ‘हे वाचा’. बसप्पा नावाचा रिक्षावाला मुद्दाम दुकानात येऊन काव्याला म्हणाला, "ताई, तुमच्या पानानं माझ्या आईचा दम परत आणला बघा." अण्णा गादीवरून ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली.

सर्च इंजिनचा दूतही नेमानं यायचा. आम्ही पानं त्याला शोध्या म्हणतो. शिरगणतीला यावं तसा तो जगातल्या पानांच्या दारोदार फिरतो, ‘कोण आहे, काय सांगतं’ याची नोंद घेतो आणि लोकांनी काही विचारलं की त्या नोंदी पुढं करतो. माझ्याविषयी त्याचं मत फार चांगलं झालं. पिवळ्या दिव्याबद्दल कुणी काही विचारलं की तो सगळ्यात वर माझं नाव ठेवायचा. आता वाटतं, नसतं ठेवलं तर बरं झालं असतं.

पुढं काव्याचं लग्न झालं, ती हुबळीला गेली. कंपनीनं ते मशीन बनवायचं थांबवलं, अण्णांनी विकायचं थांबवलं. दुकानात हवेच्या गाद्या आल्या, वॉकर आले, गुडघ्याचे पट्टे आले. आणि एक दिवस अण्णांचा भाचा चन्नवीर आला. चन्नवीर पेठेतल्याच एका जिन्याखाली खोली घेऊन लोकांच्या वेबसाइटी बनवतो. हातात दोन मोबाइल, कानात तिसरं काहीतरी. त्यानं अण्णांची वेबसाइट नवी करायला घेतली. मला बघून म्हणाला, "मामा, हे जुनं पान उडवू का? ते मशीन आपण विकत नाही आता."

"उडव," अण्णा म्हणाले. तोंडात सुपारी होती, ती चघळत म्हणाले.

संपलं! एक शब्द. अहो, मशीन विकायचं थांबलं म्हणून लोकांचं श्वास घ्यायचं थांबतं का? घराघरांतली ती मशीनं चालूच होती की, कपाळावर माझा पत्ता घेऊन! चन्नवीरनं कुणाला विचारलं नाही. काव्याला फोन केला नाही. माझ्याकडं रोज कुणीतरी येतंय, हे त्याला समोरच्या पडद्यावर दिसू शकलं असतं, तेही उघडून बघितलं नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असला कारभार.

तरी इथपर्यंत मी सोसलं असतं. खरी गंमत पुढं आहे. गंमत कसली, डोंबल!

मला पुसल्यावर माझ्या जागी वेबसाइटनं आपोआप एक पांढरं पान लावलं. ‘चारशे चार. हे पान सापडले नाही.’ बस, एवढंच. दिसायला रुक्ष, पण बोलायला खरं. चन्नवीरनं ते सहज मामांना दाखवलं आणि मामा गादीवर ताठ झाले.

"हे काय लिहिलास बे? ‘नाही’?"

"मी नाही लिहिलं मामा, ते आपोआप येतं. पान नसलं की येतं."

"सकाळी देवाला उदबत्ती लावून मी गल्ल्यावर बसतो आणि माझ्या दुकानाच्या तोंडावर ‘नाही’? आमच्या बापानं उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला ‘इल्ला’, ‘नाही’ म्हटलं नाही. कानडीत नाही, मराठीत नाही. माल नसला तर ‘उद्या येतंय बघा’ म्हणायचं, बसवायचं, पाणी द्यायचं. ‘नाही’ म्हटलं की लक्ष्मी पायरीवरून माघारी जाते."

"मामा, सगळ्या जगात हेच येतं."

"जगात येऊ दे. शुक्रवार पेठेत नाही."

बघा! रागाच्या भरात ‘नाही’ किती वेळा म्हणाले, त्यांचं त्यांना कळलं नाही.

"मग काय लिहू?" चन्नवीरनं विचारलं.

"संध्याकाळी आपण दुकानाला काय करतो?"

"बंद कर..."

"चूप! वाढवतो. दुकान वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. शुभ बोलावं माणसानं. तसंच लिही की. ‘हे पान वाढवले आहे.’ आणि खाली लिही, ‘या, बसा, दुकान बघा.’"

चन्नवीर हसला. हसला आणि लिहिलं! ‘मामा, दुकान वाढवणं वेगळं आणि पान वाढवणं वेगळं’ एवढं बोलायला त्याची जीभ झडली असती काय? उलट त्यानं वर शहाणपण केलं. ती पाटी जरा वेळ दिसली की माणूस आपोआप दुकानाच्या पहिल्या पानावर जाऊन पडेल, अशी सोय केली. तिथं अण्णांचा हात जोडलेला मोठा फोटो, सोनेरी अक्षरांत ‘आपले स्वागत आहे’, आणि खाली वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी!

मित्रांनो, जरा थांबा, हे नीट समजून घ्या. कारण उद्या तुमच्यातलंच कुणीतरी वेबसाइट बनवणार आहे. तुमच्या गल्लीत पत्र घेऊन पोस्टमन येतो. माणूस दुसरीकडं राहायला गेला असेल तर शेजारी नवा पत्ता सांगतात. वेबसाइटच्या भाषेत त्याला ‘तीनशे एक’ म्हणतात, म्हणजे इथून उठून अमुक ठिकाणी कायमचं गेलं, तिकडं जा. माणूस कायमचाच गेला असेल तर तसं सांगतात. ते ‘चारशे दहा’. शेजाऱ्यांना काहीच ठाऊक नसलं तर ‘इथं या नावाचं कुणी नाही’ म्हणतात. ते ‘चारशे चार’. तिन्ही उत्तरं खरी आहेत. ऐकून पोस्टमन पुढं जातो, त्याचा वेळ जात नाही. आता समजा शेजारी म्हणाले, ‘आहेत की! या, बसा!’ आणि त्याला आपल्याच दुकानातला पट्टा दाखवत बसले, तर? तर त्यांना कुणी सभ्य म्हणेल का?

शोध्याचंही तसंच झालं. तो नेमानं आला, विचारलं, "पान आहे का?" वेबसाइट म्हणाली, "आहे की! दोनशे!" दोनशे म्हणजे ‘सगळं ठीक, पान जागेवर आहे’. धडधडीत खोटं! शोध्या बिचारा शब्दावर विश्वास ठेवणारा. अशी लबाडी त्याच्याही लक्षात येते, पण वेळ लागतो. तोवर त्यानं माझं नाव होतं तिथंच ठेवलं, सगळ्यात वर. आत मी नाही, पण बाहेर माझी पाटी झळकतेय.

आणि अशातच उन्हाळा आला.

वळसंगला भीमाबाईंच्या उशाशी एक मशीन होतं. भीमाबाईंचा उभा जन्म कापसाच्या धुरळ्यात गेला, त्यानं फुप्फुसं खाल्ली. मुलगा यशपाल चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला. सून धम्मप्रिया तालुक्याच्या कचेरीत टायपिंग करायची, सासूला ती आत्या म्हणायची. दोघींचं चांगलं गूळपीठ होतं. भीमाबाईंना बोलायला लई दम लागायचा, तरी सुनेची चेष्टा करायला मात्र त्यांच्याकडं दम असायचा. "प्रिये, तुझा चहा म्हंजे गरम पानी, बाय," असं नाकात नळी ठेवून म्हणायच्या आणि दोघी हसायच्या. मी कपाळावरून बघायचो.

त्या दिवशी धम्मप्रिया घरीच होती. सोलापूरचं ऊन तुम्हांला सांगायला नको. खाट पंख्याखाली यावी म्हणून तिनं सकाळी खाट ओढली आणि मशीन मागं कोपऱ्यात सारलं. पार भिंतीला टेकवलं, बाजूला गोधडीची चळत. मशीनचं नाकच दाबलं गेलं. दुपारी दिवा पिवळा झाला आणि मशीन पीं पीं करायला लागलं.

तिनं काही वेळ घालवला नाही. पोरगी हुशार. मोबाइल काढला, माझ्यासमोर धरला. "आत्या, वाईच दम धरा. हितं समदं लिवलंय, मागं एकदा बघितलंय मी."

आणि तिच्या मोबाइलवर आलं, ‘हे पान वाढवले आहे. या, बसा, दुकान बघा.’

तिनं ते मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "वाढवलंय व्हय? म्हंजे आनखी म्हायती घातली असंल की. असंल, खाली असंल."

ऐकलंत? खाली असंल! तिची काय चूक होती? दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं, हे लहान पोरालाही कळतं. पण पान वाढवलं म्हणजे बंद केलं, हे कुणाच्या सात पिढ्यांनी ऐकलंय? पाटी सरकली, अण्णांचे जोडलेले हात आले. ती खाली गेली. वॉकर. अजून खाली. गादी, पट्टा, वाफेचं यंत्र. परत वर. परत स्टिकर धरला, परत तेच. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. दुकानाला फोन लावला, तर दुपारची वेळ, दुकान वाढवलेलं, फोन वाजून वाजून थांबला. संदेश पाठवला, तर क्षणात उत्तर आलं, ‘आपल्या चौकशीबद्दल आभार! लवकरच संपर्क करू!’ माणूस नाही, यंत्र बोलत होतं. ते कसले संपर्क करतात!

"प्रिया..." भीमाबाई म्हणाल्या.

"व्हय आत्या, हितंच हाय मी. सापडतंय."

मी तिथंच होतो, मित्रांनो. तिच्या हातभर अंतरावर, मशीनच्या कपाळावर. मशीन भिंतीला चिकटलेलं मला दिसत होतं. हातभर पुढं ओढ, एवढंच सांगायचं होतं मला. माझ्या पहिल्याच ओळीत ते होतं. पण माझ्या तोंडावर अण्णांची शुभ पाटी ठोकलेली. ओरडणार कसा?

मग तिनं शोध्याला विचारलं. टाइप केलं, ‘ऑक्सिजन मशीन पिवळा दिवा’. शोध्यानं सगळ्यात वर माझं नाव दिलं, ‘पिवळा दिवा लागल्यास काय करावे’. तिच्या जिवात जीव आला. "हां, ह्येच की त्ये!" आणि उघडलं तर पुन्हा, ‘हे पान वाढवले आहे’. माझ्याच खाली कंपनीचं एक पान होतं. त्यात साध्या शब्दांत लिहिलं होतं की मशीन भिंतीपासून लांब ठेवा. वेबसाइटनं शोध्याला खरं सांगितलं असतं, तर एव्हाना माझं नाव खाली उतरलं असतं आणि ते पान वर आलं असतं. तिनं ते उघडलंच नाही. कशाला उघडेल? वरचं पान वाढवलंय म्हणतंय ना!

भीमाबाईंचे ओठ निळे दिसले तेव्हा तिनं मोबाइलवरचं सगळं बंद करून एकशे आठ लावला. गाडी आली, चांगली लवकर आली. लोकांनी खाट उचलली. धम्मप्रिया सासूचा हात धरून अनवाणीच गाडीत चढली. मशीन मागं राहिलं, आणि त्याच्यावरचा मीही. रिकाम्या खोलीत ते पीं पीं करत होतं, शेवटी शेजारणीनं येऊन बटण बंद केलं. गाडीत पुढं काय झालं ते मला दिसलं नाही.

ते कळलं दुकानात. बऱ्याच दिवसांनी धम्मप्रिया आणि यशपाल ते मशीन रिक्षात घालून शुक्रवार पेठेत आले. यशपालनं ते उचलून थेट अण्णांच्या समोर ठेवलं. चन्नवीर तिथंच होता, मोबाइल चाळत.

अण्णा सवयीनं म्हणाले, "या ताई, बसा. पाणी आणा रे."

"बसाया न्हाय आले मी." धम्मप्रियानं मोबाइल स्टिकरवर धरला आणि त्यांच्यापुढं केला. "हे काय लिवलंय, वाचा."

"हे पान वाढवले आहे," अण्णांनी वाचलं. "म्हणजे ताई, बंद केलंय ते. ते मशीन आता येत ना... म्हणजे, ‘नाही’ म्हणू नये ना दुकानात, म्हणून शुभ शब्द..."

"अण्णा, दुकान वाढवलं म्हंजे बंद, येवढं मलाबी कळतंय. पान वाढलं म्हंजे आमच्यात जेवाया बसायचं असतंय. मला वाटलं म्हायती वाढवली. माझी आत्या तडफडत हुती आन् मी तुमच्या गाद्या आन् पट्टे बघत खाली खाली शोधत बसले." तिचा आवाज चढला, पेठेतले लोक थांबून बघायला लागले. "नुसतं ‘न्हाय’ लिवलं असतं तर? ‘हे पान न्हाय’! मी फोन ठेवून आदी गाडी बोलावली असती की! न्हायतर दुसरीकडं शोधलं असतं. तुमी ‘न्हाय’ म्हनाला न्हाईत, म्हनून मी थांबले!"

अण्णांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "सासूबाई... कशा आहेत आता?"

यशपाल दुसरीकडं बघायला लागला. धम्मप्रिया अण्णांकडंच बघत होती.

"काय सांगू, अण्णा? वाढवल्या म्हनू?"

अण्णांनी मोबाइलवरची ती पाटी पुन्हा एकदा वाचली. आयुष्यभर गोड बोलून पोट भरलेला माणूस, आपलाच गोड शब्द वाचत बसला. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला चन्नवीरच्या खाली घातलेल्या मानेचीही दया आली नाही. चांगल्या शब्दाची हौस तुमची आणि जीव जायचा दुसऱ्याच्या घरचा!

शेवटी अण्णा उठले, हात जोडले, या वेळी फोटोतल्यासारखे नाही. म्हणाले, "चुकलं ताई माझं. लई चुकलं." धम्मप्रियानं त्या हातांकडं बघितलंही नाही. "दुसऱ्या कुनाच्या घरी असलं मशीन असंल, त्याचं बगा आदी," एवढं म्हणून ती नवऱ्याला घेऊन निघून गेली.

अण्णांनी हुबळीला फोन लावला. काव्यानं सगळं ऐकलं आणि बापावर ओरडली. मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "अप्पा, ती मशीनं अजून लोकांच्या घरात आहेत! पान काढायच्या आधी मला एक फोन करायचा की! आणि त्या चन्नवीरला सांगा, नसलेल्या पानाला ‘आहे’ म्हणायचं नसतं. ना माणसाला, ना सर्च इंजिनला!" तिच्याकडं माझी प्रत होती. त्याच दुपारी तिनं मला माझ्या जुन्याच पत्त्यावर परत लावलं, अक्षर न अक्षर. चन्नवीरनं वेबसाइट नवी केली तेव्हा जी पानं दुसरीकडं गेली होती, त्यांच्या दारावर नेमका नवा पत्ता दिला. सगळ्यांना एकाच पहिल्या पानावर ढकललं नाही. आणि जी खरंच गेली, त्यांच्यासाठी चन्नवीरनं विचारलं, "मामा, काय लिहू?"

अण्णा म्हणाले, "लिही. ‘हे पान आता नाही.’ आणि खाली माझा घरचा नंबर टाक. दुकान वाढव... दुकान बंद असलं तरी मी उचलेन."

वरातीमागून घोडं! पण निदान आलं.

तर मित्रांनो, मोठे व्हाल, वेबसाइटी बनवाल, त्यांतली पानं काढाल. काढा! जुनं धरून बसा असं मी म्हणत नाही. पण काढण्याआधी एकदा विचारा, या पत्त्यावर कोण येतंय, हा पत्ता कुठं कुठं चिकटलाय. माहिती दुसरीकडं नेली असेल तर आलेल्याला तिथंच नेऊन सोडा. काही उरलं नसेल तर तोंडावर सांगा की नाही, उरलं नाही. शोध्यालाही तेच सांगा. ‘नाही’ ऐकून माणूस रागावेल, पण उठून दुसरं दार वाजवेल. गोड बोलून त्याला उंबऱ्यावर बसवून ठेवू नका. हे मी रागानंच सांगतोय आणि तुम्ही ते रागानंच लक्षात ठेवा.

मी परत लागलो त्यानंतर थोड्याच दिवसांनी अक्कलकोटच्या एका घरातून कुणीतरी मला उघडलं. ईरम्मा नावाच्या म्हातारीचं मशीन, पिवळा दिवा, पीं पीं. घाबरलेल्या मुलानं माझी पहिली ओळ कानडीत वाचली आणि मशीन भिंतीपासून हातभर पुढं ओढलं. थोड्या वेळात दिवा हिरवा झाला. तो हसला, आईच्या केसांवरून हात फिरवला आणि मोबाइल खिशात टाकून कामाला गेला. मला आनंद व्हायला हवा होता. मला वळसंगची ती खोली दिसत राहिली आणि राग आवरेना. तिथंही एवढंच करायचं होतं. हातभर.